कॉलेज स्कोअरकार्ड आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची विद्यापीठे : बडोद्याच्या पालकांसाठी एक परीक्षण

अमेरिकेत पदवीसाठी महाविद्यालय निवडायचे झाले की बडोद्यातील मराठी पालक सहसा दोनच ठिकाणी विचारणा करतात : अलकापुरीतल्या एखाद्या परदेशी शिक्षण सल्लागाराकडे, नाही तर तिकडे स्थायिक झालेल्या नातेवाइकांकडे. माझ्या भाचीसाठी एका सल्लागाराने जी यादी करून दिली, तीत ऐतिहासिकदृष्ट्या कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या संस्थांपैकी, म्हणजे ज्यांना तिकडे ‘एचबीसीयू’ म्हणतात त्यांपैकी, एकही नव्हती. विचारल्यावर ‘त्या आपल्यासाठी नाहीत’ एवढेच उत्तर मिळाले. हे उत्तर वस्तुस्थितीला धरून नाही. या संस्थांमध्ये कोणत्याही वंशाच्या विद्यार्थ्याला प्रवेश मिळतो आणि आज तेथील सुमारे एक चतुर्थांश विद्यार्थी कृष्णवर्णीय नाहीत. त्यामुळे अमेरिकेच्या शिक्षण खात्याचे ‘कॉलेज स्कोअरकार्ड’ हे विनामूल्य संकेतस्थळ आम्ही मुद्दाम याच संस्था शोधण्यासाठी वापरले. हे परीक्षण त्या अनुभवावर आधारलेले आहे.

शोधाची सोय उत्तम आहे. ‘स्पेशलाइज्ड मिशन’ या विभागात एचबीसीयूचा पर्याय निवडला की शंभराच्या आसपास संस्था समोर येतात आणि राज्य, विषय, आकार यांनुसार ही यादी आणखी लहान करता येते. नोंदणी करावी लागत नाही, कोणी फोन करून मागे लागत नाही, आणि कोणत्याही महाविद्यालयाकडून दलाली मिळण्याचा प्रश्नच नसल्यामुळे माहितीत तसा हेतू शिरत नाही. एवढ्या एका कारणासाठीही मी हे संकेतस्थळ प्रत्येक पालकाला सुचवीन.

परंतु या यादीत एखादी संस्था का येते, हे आकड्यांच्या तक्त्यावरून उमगत नाही, आणि ते उमगल्याशिवाय पुढचे आकडे वाचणे धोक्याचे आहे. १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्यानुसार, १९६४ पूर्वी स्थापन झालेल्या आणि कृष्णवर्णीय अमेरिकनांचे शिक्षण हे मुख्य ध्येय असलेल्या मान्यताप्राप्त संस्थांनाच हा दर्जा मिळतो. यांतील सर्वांत जुनी, पेनसिल्व्हेनियातील चेनी, १८३७ मधली आहे. फिस्क १८६६ ची, हॉवर्ड आणि मोअरहाउस १८६७ ची, म्हणजे यादवी युद्ध संपून गुलामगिरी नुकतीच कायद्याने नष्ट झाली होती त्या काळातली. १८९० च्या दुसऱ्या मॉरिल कायद्याने राज्यांना सांगितले की सरकारी मदत हवी असेल तर एक तर कृष्णवर्णीयांना प्रवेश द्या किंवा त्यांच्यासाठी वेगळी संस्था काढा. दक्षिणेतील राज्यांनी वेगळ्या संस्था काढल्या आणि मग त्यांना पैसे देताना हात आखडता घेतला. तो आजवर किती आखडला, हे २०२३ मध्ये अमेरिकेच्या सरकारनेच सांगितले : तीन दशकांच्या काळात १६ राज्यांनी आपल्या अशा विद्यापीठांना मिळून १२ अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम कमी दिली, असे त्या राज्यांच्या गव्हर्नरांना पत्रांद्वारे कळवण्यात आले.

हे ध्यानात ठेवून आता ‘पदवी पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण’ हा रकाना पाहावा. अनेक एचबीसीयूंचा आकडा येथे राष्ट्रीय सरासरीच्या खाली दिसतो आणि घाईत पाहणारा पालक तेथूनच मागे फिरतो. याच पानावर थोडे खाली, किती विद्यार्थी ‘पेल ग्रँट’ ही कमी उत्पन्नाच्या घरांसाठी असलेली मदत घेतात, तेही दिलेले आहे. यांपैकी बहुतेक संस्थांमध्ये ते निम्म्याहून अधिक असतात. घरात पैसा नसला की शिक्षण अर्धवट सुटते, हे आपल्याकडच्या कोणत्याही शिक्षकाला सांगावे लागणार नाही. हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवायला हवे होते. ते तसे नाहीत, ही या संकेतस्थळाच्या मांडणीतील सर्वांत मोठी उणीव मी मानतो. देशातील महाविद्यालयांपैकी जेमतेम ३ टक्के असलेल्या या संस्था कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या बॅचलर पदव्यांपैकी १० टक्क्यांहून अधिक देतात, हे तर वेगवेगळी पाने कितीही चाळली तरी दिसत नाही.

उत्पन्नाच्या रकान्याबद्दल माझे मत अधिक कठोर आहे. प्रवेशानंतर १० वर्षांनी माजी विद्यार्थी किती कमावतात, याचा मध्यक (मीडियन), म्हणजे निम्मे ज्याहून अधिक आणि निम्मे ज्याहून कमी कमावतात असा आकडा येथे दिला जातो. त्या आकड्यात महाविद्यालयाच्या शिकवण्याइतकाच नोकरी देणाऱ्यांचा पूर्वग्रहही मोजला जातो. बडोद्याच्या वाचकाला हे समजावण्यासाठी दूर जायला नको. १९१३ मध्ये सयाजीराव महाराजांनी बाबासाहेब आंबेडकरांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन कोलंबियाला पाठवले. १९१७ मध्ये ते संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले, आणि या शहरात राहायला जागा न मिळाल्यामुळे काही दिवसांतच त्यांना ती सोडावी लागली. त्या वर्षीच्या कमाईवरून कोणी कोलंबियाच्या शिक्षणाची किंमत ठरवली असती, तर दोष आमच्या शहराचा आणि शिक्का विद्यापीठावर असे झाले असते. पुढे १९४६ मध्ये बाबासाहेबांनी ज्यांना पत्र लिहून अस्पृश्य आणि अमेरिकेतील निग्रो यांच्या स्थितीतील साम्याचा उल्लेख केला, ते कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस फिस्कचे पदवीधर होते. कृष्णवर्णीय वकील थरगुड मार्शल यांच्या गावच्या, बाल्टिमोरच्या, सरकारी विधी महाविद्यालयात कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. ते हॉवर्डमध्ये चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन यांच्या हाताखाली शिकले, १९३३ मध्ये पदवीधर झाले, आणि शाळांमधील वंशभेद घटनाबाह्य ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा १९५४ चा निकाल त्यांनीच लढून मिळवला. हे काम कोणत्या रकान्यात बसते?

आता खर्चाबद्दल, कारण आपल्या पालकांची फसगत होण्याची शक्यता येथे सर्वाधिक आहे. पानावर ठळकपणे दिसणारा ‘सरासरी वार्षिक खर्च’ हा अमेरिकी सरकारची मदत मिळणाऱ्या विद्यार्थ्यांचा, अनुदान वजा जाता उरलेला खर्च असतो, आणि सरकारी विद्यापीठांच्या बाबतीत तो त्याच राज्यातील रहिवाशांचा असतो. भारतीय विद्यार्थ्याला ती सरकारी मदत मिळत नाही, आणि राज्याबाहेरचा म्हणून शुल्कही जास्त पडते. उत्पन्न आणि कर्जाचे आकडेही सरकारी मदत घेतलेल्यांपुरतेच असल्यामुळे परदेशी विद्यार्थी त्यांत मोजलेलेच नसतात. उदाहरणार्थ, ग्रीन्सबरो येथील नॉर्थ कॅरोलिना ए अँड टी ही एचबीसीयूंपैकी विद्यार्थिसंख्येने सर्वांत मोठी संस्था अभियांत्रिकीसाठी नावाजलेली आहे. १९६० मध्ये खानावळीच्या गोऱ्यांसाठी राखीव बाकांवर बसून सत्याग्रह करणारे चार विद्यार्थी तिथलेच. तिचा स्कोअरकार्डवरील खर्च पाहून हुरळून जाऊ नये. विद्यापीठाच्या स्वतःच्या शुल्कपत्रकात राज्याबाहेरील विद्यार्थ्यांचा रकाना पाहावा. हॉवर्ड किंवा स्पेलमनसारख्या खासगी संस्थांमध्ये शुल्क सर्वांना सारखेच असते, तेव्हा तेथे परदेशी विद्यार्थ्यांना संस्थेच्या निधीतून शिष्यवृत्ती मिळते का, हे आधी पत्र लिहून विचारावे. सर्व एचबीसीयूंचा एकत्रित निधीही एकट्या हार्वर्डच्या निधीहून पुष्कळ कमी आहे, त्यामुळे उत्तर नकारार्थी आले तर त्यावरून संस्थेच्या दर्जाविषयी मत बनवू नये.