2,850 रुपये मोजून माझाच जुना डीव्हीडी ड्राइव्ह विकत घेतला

नवीन डीव्हीडी राइटर, म्हणजे ड्राइव्हच, 1,650, लेबर 500, विंडोज पुन्हा टाकायचे 700. एकूण 2,850, रोख. घरी आलं काय? माझाच ड्राइव्ह, पुढची पट्टी तेवढी नवी.

माझ्या कॉम्प्युटरचं दुखणं साधं होतं. सीडी वाचायची, डीव्हीडी घातली की लाइट लुकलुकायची आणि 'डिस्क घाला'. दुकानदार म्हणाला, "मदरबोर्डपण बघावं लागतंय ओ, ठेवून जावा." मदरबोर्ड, म्हणजे कॉम्प्युटरचं मुख्य सर्किट, गेला असता तर सीडी तरी चालली असती का? तिथंच उठायला हवं होतं. संध्याकाळी त्यानं गाण्यांची सीडी लावली, "बघा सर, फर्स्टक्लास!" अरे, सीडी आधीही वाजतच होती! सीडीला 780 नॅनोमीटरचा लेसर, डीव्हीडीला 650 चा. सीडीवरच्या ओळींमधलं अंतर 1.6 मायक्रॉन, डीव्हीडीवर 0.74. डीव्हीडीचं काम जास्त बारीक, त्यामुळं लेसरचं भिंग मळलं की बऱ्याचदा आधी डीव्हीडीच अडते. हे ठाऊक असून मी मान डोलावली. ड्राइव्ह खरंच बदलला का हे लेबलवरून कळलं असतं, पण लेबल ड्राइव्हच्या पाठीवर, कॅबिनेट स्क्रूनं बंद, आणि चारचौघांत 'उघडून दाखव' म्हणायला भीड पडते. तुम्ही म्हणा. निदान विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्राइव्हचं मॉडेल आधी आणि नंतर बघा, फोटो काढा.

घरी उघडलं तर लेबलवर 2011 साल आणि शेजारी माझ्याच पेनाची खूण.

दोष धुळीचा निघाला. वायर काढून ड्राइव्ह बाहेर घ्या. ट्रे अडला असेल तर पुढच्या बारीक भोकात सरळ केलेली पेपरक्लिप. खालचे चार स्क्रू, मग झाकण. कानकाडीला 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, थेंबभरच, आणि भिंगावर हलकेच टिपा. ते नाजूक तारांवर तरंगतं, दाबलं की संपलं. पेट्रोल, थिनर नको. उघड्या ड्राइव्हला करंट देऊन आत डोकावू नका. डिस्क मधून कडेकडे पुसायची, गोल गोल नाही.

विंडोजचे ते 700 तर शुद्ध लूट. ड्राइव्ह गायब होऊन कोड 19 किंवा 39 आला तर बहुधा रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीतल्या, अपरफिल्टर्स-लोअरफिल्टर्स नोंदी आड येतात. बॅकअप घेऊन त्या काढायच्या, फॉरमॅट कशाला? आणि विंडोज 10 मध्ये डीव्हीडी सिनेमाचा प्लेअर मुळात नसतोच, व्हीएलसी हा प्लेअर फुकट मिळतो.

आता तक्रारीचं. मी निपाणी भागात, दुकान सीमेवरच्या कोगनोळी नाक्यापलीकडं. इकडच्या पोलीस ठाण्यात, "दुकान महाराष्ट्रात हाय, तिकडं जावा." तिकडं, "तुम्ही कर्नाटकचे, तिकडंच द्या." परत इकडं आलो तर अर्ज कन्नडात लिहून आणा, आणला, तर साहेब बंदोबस्तावर. तिसऱ्या खेपेला एकानं विचारलं, "अडीच-तीन हजारांसाठी एवढं?" होय, एवढंच! सीमेवरच्या माणसाला दोन सरकारं, दाद एकाकडंही नाही.

2019 च्या ग्राहक कायद्यानुसार आपण राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगातही तक्रार दाखल करता येते, पाच लाखांपर्यंत फी नाही, हेल्पलाइन 1915. माझ्याकडं पुरावा म्हणून चिठ्ठी, तीही पेन्सिलीची. पक्कं बिल घ्या, त्यावर ड्राइव्हचा सीरियल नंबर लिहून घ्या. द्यायला कुरकुर केली तर पैसे खिशात ठेवा.

आता सगळ्या डीव्हीडी चालतात, दोन सोडून. त्यांवर चरे आहेत.