पिंजऱ्यातल्या दांड्या आणि काकूंचा जाम: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या सप्टेंबरात आमच्याकडे सन कॉन्युर जातीचा परदेशी पोपट आला. अंग पिवळं, डोक्यापोटावर केशरी झाक. मुलीने पहिल्याच दिवशी नाव ठेवलं 'संत्रा'. नागपूरच्या पोरीला दुसरं काय सुचणार!

लोक विचारतात, आपला हिरवा मिठूच का नाही आणला? कारण तो ठेवता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे. परदेशी असला तरी सन कॉन्युरची केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते, ती आम्ही केली. हा विषय इथेच सोडते, कारण मला लिहायचं आहे पाखराला बसायच्या दांड्यांबद्दल.

खाणं काय द्यायचं, स्वयंपाकघरापासून किती लांब ठेवायचं, हे सगळं मी आधी वाचून काढलं होतं. दांडीचा विचार कुणीच केला नाही. पिंजऱ्यासोबत दोन आल्या होत्या; खराद मारलेल्या, गोल, गुळगुळीत, टोकापासून टोकापर्यंत एकाच जाडीच्या. पाखराला बसायला काठी लागते, काठी आहे, झालं.

नोव्हेंबरात एका संध्याकाळी संत्रा माझ्या हातावर उताणा पडून खेळत होता, तेव्हा तळवे दिसले. पोपटाच्या तळव्याला बारीक खवल्यांची नक्षी असते. ती मधोमध पुसली गेली होती आणि तिथे लालसर, चकचकीत डाग पडला होता. दोन्ही पायांना, जवळपास एकाच जागी.

डॉक्टरांनी बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "दांडी कशी आहे?" मला वाटलं होतं, औषध लिहून देतील. पोपटाची दोन बोटं पुढे आणि दोन मागे असतात, आणि तो झोपतोसुद्धा उभाच. संत्र्याचं वजन जेमतेम ११० ग्रॅम, पण ते दिवसरात्र तळव्याच्या त्याच दोन ठिपक्यांवर पडत होतं, कारण दांडीची जाडी कुठेच बदलत नव्हती. अशाने कातडी पातळ होते, मग फुटते, जंतू शिरतात आणि पाय सुजतो. त्याला बंबलफूट म्हणतात. वाढलं तर संसर्ग हाडापर्यंत जातो. आमची सुरुवातच होती, जखम नव्हती. अर्धा दोष आमच्या वाटीचाही निघाला: सूर्यफुलाच्या बियांशिवाय तो काही खात नव्हता, आणि व्हिटॅमिन ए कमी पडलं की कातडी लवकर दगा देते. तेव्हापासून गाजर, लाल भोपळा आणि मुनग्याचा (म्हणजे शेवग्याचा) पाला सुरू केला. मुनगा त्याला आवडतो. भोपळा तो अजूनही खाली फेकतो आणि वाकून बघतो की कुठे पडला.

मग सुरू झाली दांड्यांची खरेदी.

पहिला मूर्खपणा सँडपेपरचा. दुकानदाराने दांडीवर चढवायचं खरखरीत कव्हर दिलं, १५० रुपये, "नखं आपोआप घासली जातात ताई." ज्याचे तळवे आधीच लाल आहेत त्याला मी सँडपेपरवर उभं केलं! नखाचं टोक त्या कागदाला लागतच नाही, तळवा मात्र प्रत्येक पावलाला घासला जातो. आठव्या दिवशी संत्र्याने स्वतःच कव्हर सोलायला घेतलं, तेव्हा मला अक्कल आली. दुकानात कुणी कितीही गळ घातली तरी हे घेऊ नका.

दुसरी आणली सुती दोराची, आत तार असलेली, हवी तशी वाकवता येते. ४५० रुपये. डिसेंबरभर मी हिच्या प्रेमात होते. थंडीत तो दोरावर अंग फुगवून झोपायचा, आणि तळव्यांची लाली ओसरताना दिसत होती. सहाव्या आठवड्यात सासूबाईंची हाक आली, "अवो, हा उलटा लटकून राहिला इकडे, ये लवकर!" दोराचे केस निघाले होते आणि एक धागा नखाभोवती गुंडाळला गेला होता. पाखरू फडफडत होतं. मुलीच्या शाळेच्या कात्रीने धागा कापला. आणखी पंधरा मिनिटं कुणी घरी नसतं तर पायाचं काय झालं असतं, याचा विचार अजून करवत नाही. दुसरा धोका दिसत सुद्धा नाही: हे धागे चावता चावता पोटात जातात आणि आत गोळा होऊन अडकतात. दोराची दांडी मी टाकली नाही, पण आता ती पिंजऱ्याबाहेर खिडकीजवळ असते. तो आमच्या नजरेसमोर असेल तेव्हाच त्यावर बसतो, आणि दर रविवारी मी निघालेले केस कात्रीने छाटते.

सिमेंटची दांडी, ३८० रुपये, ठीक. नखांची टोकं बोथट राहतात, चोच घासायला त्याला बरी पडते. एकच लावायची, दाण्याच्या वाटीसमोर, म्हणजे जेवणापुरता तो तिथे उभा राहतो. पोपट झोपायला उंच जागा शोधतो. सिमेंटची दांडी सगळ्यात वर लावली तर रात्रभर त्यावरच उभा राहील आणि पुन्हा तळवे सोलतील.

मध्ये इथल्या लाकूडबाजारात, लकडगंजातही जाऊन आले. म्हटलं, आरा मशीनवर एवढं लाकूड कापतात, एखादा वेडावाकडा तुकडा मिळेल. मशीनवरच्या माणसाने प्रामाणिकपणे सांगितलं, यातल्या बऱ्याच मालाला किडीचं औषध मारलेलं आहे. रिकाम्या हाताने परत आले. प्लायवूड, पॉलिश केलेलं लाकूड, जुन्या पलंगाचे पाय, हे सगळं त्याच कारणाने बाद. पोपट दांडीवर नुसता बसत नाही, तो ती खातो.

जानेवारीत आमचे नंदोई काटोलहून आले ते गाडीत फांद्या टाकूनच. त्यांच्या संत्र्याच्या बागेत सल काढणं, म्हणजे वाळक्या फांद्या छाटणं, चालू होतं. "संत्र्याला संत्र्याची फांदी!" म्हणून स्वतःच हसले. फांद्या सुरेख होत्या, अंगठ्याएवढ्या जाड, गाठीगाठींच्या. पण एका टोकाला निळसर पांढरं काहीतरी वाळलेलं होतं. विचारलं तर म्हणाले, बोर्डो असेल. विदर्भातल्या बागायतदाराला बोर्डो सांगावा लागत नाही. मोरचूद आणि चुना पाण्यात कालवून खोडाला आणि छाटलेल्या जागी लावतात, डिंक्या (खोडातून डिंक गळायचा रोग) येऊ नये म्हणून. मोरचूद म्हणजे तांब्याचं क्षार, आणि साल सोलून खाणाऱ्या पाखराच्या पोटात ते जाणार. शिवाय वर्षभर फवारण्या वेगळ्याच. लाकूड वाईट नव्हतं, त्याच्यावर काय काय बसलंय याचा हिशोब लागत नव्हता. नंदोईंना वाईट वाटलं, पण फांद्या त्यांनीच गाडीत परत ठेवल्या.

उत्तर शेवटी भिंतीपलीकडे होतं. शेजारच्या काकूंकडे जामाचं झाड आहे. (पुण्यामुंबईच्या वाचकांसाठी: पेरू.) त्याला त्यांनी कधी औषध मारलेलं नाही, अर्धे जाम तर बाहेरचे पोपटच खातात. मी दोन फांद्या मागितल्या. "ने ना बाप्पा, तशीही माझ्या गच्चीवर आली आहे ती," म्हणून त्यांनी कोयता काढून दिला.

फेब्रुवारीपासून हीच वापरते आहे आणि अजून मोडलेली नाही. जामाचं लाकूड टणक, साल पातळ आणि आपोआप सुटणारी. जाडी दोन सेंटिमीटरपासून तीनपर्यंत बदलते, मध्ये एक वळण आहे. पाय दर दोन पावलांना वेगळा बसतो. माप बघायची सोपी रीत म्हणजे पिंजऱ्याखालून वर बघा. पुढची-मागची बोटं खालून एकमेकांना भिडत असतील तर दांडी बारीक. बोटांनी साधारण दोन तृतीयांश ते पाऊण घेर धरला पाहिजे. मार्चअखेरीस तळव्यांवरची खवल्यांची नक्षी परत दिसायला लागली, डॉक्टरांनी भिंगातून बघून मान डोलावली.

बाकी झाडांचं थोडक्यात. कडुनिंब चालला, काटे काढून बाभूळही चालली. मुनग्याची फांदी दोन दिवसांत चघळून भुगा केली, खेळणं म्हणून छान. नाल्याकाठची बेशरम, रुई, कण्हेर, बिट्टी, घाणेरी यांच्या जवळही जाऊ नका. ही सगळी विषारी आहेत. रस्त्याकडेच्या झाडाची फांदी मी घेत नाही, धूर आणि धूळ बसलेली असते.

फांदी आणली की ब्रशने घासायची, व्हिनेगर घातलेल्या पाण्याने धुवायची, मग साध्या पाण्याने, आणि पूर्ण वाळवायची. इथे नागपूरकरांसाठी एक खास सूचना. एप्रिलमध्ये मी ओली फांदी थेट गच्चीवर उन्हात टाकली. तीन दिवसांत उभी तडकली, आणि त्या फटीत बोट किंवा नख अडकू शकतं. आता आधी आठवडाभर सावलीत, मग दोन दिवस ऊन.

पिंजऱ्याला बसवायला स्टेनलेस स्टीलचाच बोल्ट, एका बाजूला लाकडाचे आटे, दुसऱ्या बाजूला नटाचे, आणि मोठं वायसर. जस्ताचा मुलामा दिलेले नट-वायसर स्वस्त पडतात, पण संत्रा दिवसभर नटाशी झटापट करतो आणि जस्त पाखरांना विषासारखं बाधतं. हार्डवेअरवाला म्हणाला, "मॅडम, पिंजऱ्याला एवढं काहून?" घेतलं तरी. फांदीपेक्षा बोल्ट महाग पडला.

जागेच्या बाबतीत दोन चुका केल्या. वरची दांडी पाण्याच्या वाटीच्या बरोबर वर होती. पुढे काय होत होतं ते सांगायला नको. आणि मेमध्ये पिंजरा कूलरच्या थेट झोतात ठेवला, पाखराला बरं वाटेल म्हणून. दहा दिवसांत दमट हवेने एका फांदीच्या टोकाला काळी बुरशी धरली. ती फांदी फेकली, पिंजरा कूलरच्या बाजूला, आडोशाला नेला. शेपूट जाळीला घासणार नाही एवढं अंतरही तेव्हाच मोजून घेतलं.

सध्या पिंजऱ्यात तीन दांड्या आहेत: झोपायला जामाची, मधे कडुनिंबाची, वाटीसमोर सिमेंटची. विकत घेतलेल्यांतली पुन्हा घेईन ती फक्त सिमेंटची. कंपनीची गोल दांडी आता माझ्या टोमॅटोच्या कुंडीत आधाराला आहे.

पुढच्या खेपेच्या दोन फांद्या जिन्यात सावलीला वाळत आहेत. पाऊस लागायच्या आत त्यांना दोन दिवस ऊन दाखवायचं आहे, आणि काकूंचा कोयता अजून माझ्याकडेच आहे.