कॅम्परव्हॅन भाड्याने घेताय? आमचे ४,२३५ युरो कसे गेले ते वाचून घ्या

आधीच सांगतो, ‘एवढा शिकलेला माणूस आणि असा कसा फसला’ हे वाक्य मला ऑफिसात, घरी आणि सासुरवाडीत सगळीकडे ऐकवून झालं आहे. ते सोडून काहीही बोला. हे लिहायचं कारण एवढंच की युरोपात राहणारी आपली बरीच मंडळी वर्षाच्या सुरुवातीलाच उन्हाळ्याचे बेत आखायला बसतात. आई-बाबा येणार, सगळ्यांची सोय एकाच गाडीत होईल, असा हिशेब करतात. आम्हीही तोच केला होता.

आम्ही नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला राहतो. २०२५ च्या उन्हाळ्यात नाशिकहून आई-बाबा येणार होते. बेल्जियममधल्या गेंटवरून फ्रान्समध्ये नॉर्मंडी, मों-सां-मिशेल, मग ब्रिटनी, तिथून अटलांटिकचा किनारा धरत आर्काशोंजवळची ती शंभर मीटरच्या वरची वाळूची टेकडी आणि शेवटी स्पेनमध्ये सान सेबास्तियान, असा बेत होता. बाबांचे गुडघे दुखतात, आईला बाहेरचं खाणं चालत नाही आणि लेक लहान. रोज हॉटेल बदलत फिरणं आमच्याच्याने झालं नसतं. कॅम्परव्हॅन म्हणजे चाकांवरचं घर, त्यात कुकर लावता येतो. आई तर नाशिकहूनच थालिपिठाची भाजणी आणि दीड लिटरचा कुकर घेऊन आली होती.

जुलै-ऑगस्टमध्ये पाच जणांच्या कॅम्परचं भाडं काय असतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे. आम्हाला हव्या त्या तारखांना कंपन्या साडेतीन हजार युरोंच्या वर सांगत होत्या. जुन्या वस्तूंच्या एका साइटवर एका खासगी मालकाची जाहिरात दिसली, भाडं २,४५० युरो. फुकटात मिळतंय म्हणून धावलो असं अजिबात नाही. हजारात देतो म्हणाला असता तर संशय येऊन मीही लांब पळालो असतो. कंपनीपेक्षा खासगी माणूस एवढं कमी घेतोच, आमच्या ओळखीतल्या दोघांनी तसा घेतलेला आहे. भाव कसा लावायचा हे त्या भामट्याला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं.

गोष्ट पण अशी रचलेली की कुठे बोट ठेवायला जागा नाही. निवृत्त डच नवरा-बायको, बायकोला दम्याचा त्रास म्हणून आता स्पेनमध्ये आलिकांतेच्या बाजूला राहतात. कॅम्पर मात्र इथे लिम्बुर्गमध्ये एका शेतकऱ्याच्या शेडमध्ये ‘स्टालिंग’ला, म्हणजे भाड्याच्या जागेत ठेवलेला. चावी शेतकऱ्याकडे, आम्ही जायचं आणि घेऊन निघायचं. इथे राहणाऱ्यांना सांगायला नको, हजारो डच म्हातारे खरोखरच स्पेनच्या किनाऱ्यावर राहतात आणि हजारो कॅम्पर खरोखरच शेतकऱ्यांच्या शेडमध्ये पडून असतात. माणसाने डच भाषेत नीट, विरामचिन्हांसकट लिहिलं होतं. ड्रायव्हिंग लायसन्सची प्रत आपणहून पाठवली. भाडेकरार पाठवला, त्यात डिझेलची टाकी भरून परत द्या, कुत्रा चालणार नाही, हेसुद्धा होतं. बदल्यात माझ्या पासपोर्टची प्रत मागितली. मी दिली, पहिलं पान आणि शेवटचंही. आपल्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आई-वडिलांची नावं आणि पत्ता असतो, लक्षात असू द्या. नेदरलँड्सच्या सरकारचं ‘कोपीआयडी’ नावाचं फुकट अ‍ॅप आहे. त्यात नंबर झाकता येतो आणि प्रत कोणासाठी, कशासाठी, हे तिच्यावर आडवं छापता येतं. ते वापरा. भाड्याच्या व्यवहारात कुणालाही कोरी प्रत देऊ नका.

एप्रिलच्या मध्यावर बुकिंगचे ७३५ युरो भरले.

आता ती शुक्रवारची रात्र. २५ एप्रिल. दुसऱ्या दिवशी किंग्ज डे, म्हणजे राजाच्या वाढदिवसाची सुट्टी. एरवी ती २७ ला असते, त्या वर्षी २७ तारखेला रविवार आला म्हणून शनिवारी २६ ला होती. कॅम्परच्या त्या ‘मालका’चा मेसेज आला की टिलबर्गचं एक कुटुंब पूर्ण रक्कम आजच भरायला तयार आहे, पण पहिला हक्क तुमचा. उरलेले १,७१५ आणि डिपॉझिट १,५००, एकूण ३,२१५ युरो. मी बसलो लॅपटॉप उघडून. एका खिडकीत आरडीडब्ल्यूचं पान, म्हणजे इथलं वाहन नोंदणी खातं. नंबरप्लेट टाकली की गाडीची सगळी कुंडली फुकट दिसते. नंबर खरा होता. गाडीची कंपनी, रंग, वजन साडेतीन टनांच्या आत, तपासणीची तारीख, सगळं जुळलं. विमा चालू. मी बायकोला म्हणालोसुद्धा, बघ, गाडी खरी आहे.

गाडी खरीच होती. त्याच पानावर जरा खाली आणखी एक ओळ असते, सध्याच्या मालकाच्या नावावर गाडी कधी झाली त्याची तारीख. तिथे २०२४ मधली तारीख होती. आणि हा गृहस्थ मला पहिल्या मेसेजपासून सांगत होता की २०१६ पासून आम्ही दोघांनी या गाडीतून पोर्तुगालपर्यंत प्रवास केला. ती तारीख मी वाचली. डोळ्यांनी वाचली. आणि मनात म्हटलं, बायकोच्या नावावर केली असेल. कारण बँकेचं खातंही त्याच्या बायकोच्याच नावावर होतं, आडनाव वेगळं, माहेरचं. डच बायकांच्या कागदपत्रांवर माहेरचंच आडनाव राहतं, माझ्या ऑफिसातल्या निम्म्या बायकांचं तसं आहे. म्हणजे शंका आली की उत्तर माझ्याकडे आधीच तयार. प्रत्येक शंकेला मीच त्या माणसाच्या वतीने खुलासा देत होतो. त्याला काही करावंच लागलं नाही.

दुसऱ्या खिडकीत बँक. आयबीएएन, म्हणजे इथला खाते क्रमांक, ‘ईएस’ने सुरू होणारा, स्पेनचा. एरवी डच खात्यात पैसे पाठवताना नाव जुळलं नाही तर बँक लगेच सांगते, आम्हाला त्याची सवय. इथे पिवळ्या पट्टीत आलं की या खात्याचं नाव तपासता येत नाही. ‘चुकीचं आहे’ असं नाही, ‘तपासता येत नाही’. मी ‘पुढे’ दाबलं. दहा सेकंदांत ३,२१५ युरो गेले. तो पिवळा रंग मला अजून दिसतो.

आणि डिपॉझिट! डिपॉझिट चावी हातात घेताना देतात. जुलैच्या गाडीचं डिपॉझिट एप्रिलमध्ये मागणारा माणूस एकच असतो. बाबा जन्मभर सहकारी बँकेत होते. त्यांनी व्हिडिओ कॉलवर विचारलं होतं, “अरे, अनामत दिलीस, पण पावती कुणाच्या सहीची आहे?” मी म्हटलं, बाबा, इथे असं नसतं. पोलिसांच्या साइटवर खातं तपासायची सोय आहे तीही वापरली होती, तक्रार नाही असं उत्तर आलं. तक्रार नाही याचा अर्थ अजून कोणाला कळलेलं नाही, एवढाच असतो.

जूनमध्ये दुसऱ्या चालकाच्या विम्याचे म्हणून आणखी २८५ घेतले. तेही दिले. एकूण ४,२३५ युरो, रुपयांत सव्वाचार लाखांच्या आसपास. खासगी कॅम्परचा साधा विमा गाडी पैसे घेऊन भाड्याने दिली की बहुतेक वेळा लागू होत नाही. कॅम्पर भाड्याने देणाऱ्या चांगल्या साइट प्रवासापुरता वेगळा विमा देतात आणि पैसे गाडी मिळेपर्यंत स्वतःकडे ठेवतात. ‘साइटचं कमिशन वाचवू, थेट व्हॉट्सअ‍ॅपवर बोलू’ असं कोणी म्हणालं की फोन ठेवा.

ठरलेल्या सकाळी दोन टॅक्सी करून सामानासकट त्या शेतावर पोहोचलो. शेतकरी बिचारा पन्नाशीचा, हातात पाना. आम्हाला बघून त्याने आधी पाना खाली ठेवला. काही विचारलंच नाही, फक्त म्हणाला, “कॅम्पर का? कालच एक बेल्जियन कुटुंब येऊन गेलं.” त्याच्या शेडमध्ये पन्नासेक कॅरॅव्हॅन होत्या, ती गाडी नव्हती. दोन वर्षांपूर्वी तिथे असायची म्हणाला, मग विकली गेली. म्हणजे भामट्याने जुनी विक्रीची जाहिरात उचलली होती, फोटो आणि नंबरप्लेटसकट. शेतकऱ्याच्या बायकोने आईला खुर्ची दिली, कॉफी दिली. आई मराठीतच म्हणाली, “नको हो, कशाला त्रास.” कुकरची पिशवी तिने मांडीवरून खाली ठेवली नाही.

इथपर्यंतचा राग त्या चोरावर आहे. इथून पुढचा यंत्रणेवर.

बँकेला त्याच दुपारी फोन. म्हणाले, व्यवहार तुम्हीच मंजूर केला आहे, त्यामुळे आमची जबाबदारी नाही. पैसे परत मागवायची विनंती पाठवतो, पण समोरच्या बँकेला त्यासाठी खातेदाराची संमती घ्यावी लागते. म्हणजे चोराला विचारायचं, बाबा रे, परत देतोस का? चोर काहीच बोलला नाही. खात्यात शिल्लकही नव्हती. या चौकशीचे २५ युरो मात्र माझ्या खात्यातून बिनचूक कापले. ब्रिटनमध्ये ७ ऑक्टोबर २०२४ पासून नियम आहे, देशातल्या देशात फसवून पैसे पाठवायला लावले तर बँकेने ८५,००० पौंडांपर्यंत भरपाई द्यायची. इंग्लिश खाडी ओलांडली की हाच माणूस पीडित, इथे मात्र ‘तुम्हीच मंजूर केलंत’.

पोलीस. ऑनलाइन तक्रारीचा फॉर्म वस्तू विकत घेतल्याचा, माझं भाडं. म्हणून समक्ष या. समक्षची वेळ उन्हाळ्याच्या सुट्टीमुळे पार पुढची मिळाली. तिथल्या अधिकाऱ्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, हा दिवाणी वाद असू शकतो, करार झालाय आणि एका पक्षाने पाळलेला नाही. मी म्हटलं, साहेब, तो पक्षच अस्तित्वात नाही. तर म्हणे खातं स्पेनमध्ये आहे, तिकडे विचारा. सान सेबास्तियानला आम्ही तोवर जाऊन आलो होतो (शेवटी भाड्याची मोठी कार आणि कॅम्पसाइटवरच्या खोल्या घेऊन प्रवास केलाच, वर आणखी २,९०० गेले), तिथल्या चौकीत भाषांतराच्या अ‍ॅपवर दीड तास घालवला. त्यांचं म्हणणं, फसवणूक झाली तेव्हा तुम्ही नेदरलँड्समध्ये होतात, तक्रार तिकडेच. स्पेनमधल्या बँकेने उत्तर दिलं की तुम्ही आमचे ग्राहक नाही, गोपनीयतेमुळे काही सांगता येणार नाही. चोराची गोपनीयता! माझ्या पासपोर्टच्या गोपनीयतेचं कोणी काही विचारलं नाही.

ग्राहकांसाठी असलेल्या केंद्राने कळवलं की समोर कंपनी असेल तरच आम्ही मध्ये पडतो, खासगी माणसात नाही. चोराने खासगी माणूस व्हायचं का ठरवलं ते तेव्हा कळलं. युरोपीय देशांमधल्या लहान दाव्यांसाठी वेगळी सोपी प्रक्रिया आहे, ५,००० युरोंपर्यंत, वकील लागत नाही. मी खूश झालो. फॉर्म भरायला घेतला. तिसऱ्याच रकान्यात प्रतिवादीचा पत्ता.

पत्ता होता, लायसन्सच्या प्रतीवरच्या नावाचा शोध घेऊन मिळालेला. पत्र टाकलं. आठवड्याने त्या माणसाचा फोन आला, वैतागलेला, पण माझ्यावर नाही. हा लायसन्सवाला खरा म्हातारा. त्याने आदल्या वर्षी सुट्टीचं घर बुक करताना लायसन्सची प्रत कोणालातरी पाठवली होती, तेव्हापासून त्याच्या दारात माझ्यासारखी पत्रं येतात. तो स्वतः तक्रार करून थकलेला.

९ ऑक्टोबर २०२५ पासून युरो वापरणाऱ्या देशांतल्या बँकांना पैसे पाठवण्याआधी खातं आणि नाव जुळतं का हे सांगणं बंधनकारक झालं. माझे एप्रिलमध्ये गेले. तरीही सांगतो, नाव जुळत नाही असं आल्यावरही ‘पुढे’चं बटण तिथे असतंच. परदेशी खातं, वेगळं आडनाव, आधी डिपॉझिट, यातलं एकही दिसलं तर गाडी समोर उभी राहून बघितल्याशिवाय एक सेंट देऊ नका. लांब असेल तर त्या गावातल्या कुणा मराठी ओळखीच्याला पाठवा, आपली माणसं सगळीकडे आहेत. क्रेडिट कार्डने भरता येत असेल तर कार्डनेच भरा, निदान वाद तरी घालता येतो. आणि फ्रान्सच्या ज्या शहरांत लागेल तिथे गाडीच्या प्रदूषणाचा वर्ग दाखवणारा क्रितेर स्टिकर सरकारी साइटवरूनच घ्या, २०२५ मध्ये तो पाच युरोंच्या आत मिळत होता. शोधल्यावर वर येणाऱ्या जाहिरातींतल्या साइट त्याचेच कितीतरी पट घेतात. माझ्या मेव्हण्याने तिथेही पैसे घालवले आहेत, पण तो लिहिणार नाही.

नोव्हेंबरमध्ये मला नोकरीच्या साइटवर लाइपझिगच्या एका बाईंचा मेसेज आला. पुढच्या उन्हाळ्यासाठी कॅम्पर बुक केलाय, तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर उत्तर देत नाही, चावी कुठून घ्यायची? सोबत माझ्या पासपोर्टच्या पहिल्या पानाची प्रत. त्यांनी ९०० युरो भरले होते. पोलिसांना पुन्हा कळवलं, जुन्या तक्रारीला जोडून घेतो म्हणाले. दूतावासाकडून पासपोर्ट बदलून घेतोय, पण जुनी प्रत फिरायची ती फिरणारच. तेव्हा मराठी नाव आणि नाशिकचा पत्ता असलेला पासपोर्ट दाखवून कोणी तुम्हाला सहा झोपायच्या जागांचा पांढरा कॅम्पर देऊ करत असेल तर पैसे भरू नका. माझ्याकडे कॅम्पर नाही.