फोनमधल्या ‘ट्रिप’ अल्बमने घालवलेले २,१५,७४५ रुपये

सायबर चोर एपीके (प्ले स्टोअरबाहेरून फोनमध्ये टाकायची अ‍ॅपची फाइल) कसं पाठवतात, त्यातून आपले मेसेज कसे परस्पर पळवतात हे तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत होतं, म्हणून ते पुन्हा सांगत बसत नाही. पण मी कुणालाही ओटीपी सांगितला नाही. पिन नाही, कार्डाचा नंबर नाही, काहीच नाही. चोरांना मला विचारायची गरजच पडली नाही, कारण सगळं माझ्या गॅलरीत ‘ट्रिप’ नावाच्या अल्बममध्ये नीट लावून ठेवलेलं होतं.

व्हिएतनामला जायचं ठरलं होतं. मी, नवरा आणि सासूबाई. परदेशात पाकीट हरवलं तर कागदपत्रांच्या कॉपी फोनमध्ये असाव्यात, असं जो तो सांगतो. मीही तेच केलं. तिघांच्या पासपोर्टचं पहिलं आणि शेवटचं पान, तिघांची आधार कार्डं, माझं पॅन, आणि कार्ड हरवलं तर ब्लॉक करायला नंबर हवा म्हणून डेबिट कार्डाची पुढची-मागची बाजू. हा सल्ला चुकीचा नाही. तो अर्धाच दिला जातो याचा मला राग आहे. कॉपी ठेवा म्हणतात, पण कुठे ठेवू नका हे कुणी सांगत नाही.

आपल्या पासपोर्टचं शेवटचं पान एकदा काढून बघा. आई-वडिलांचं नाव, नवऱ्याचं किंवा बायकोचं नाव, घरचा पत्ता, जुन्या पासपोर्टचा नंबर. बँकेचा फोन लागला की “आईचं नाव सांगा” म्हणतात ना, ते उत्तर तिथे छापलेलं असतं.

दुपारी १२:४० ला फोन आला. “मॅडम, तुमच्या व्हिसाच्या फाइलमधून बोलतोय. सासूबाईंच्या पासपोर्टचं शेवटचं पान ब्लर आलंय, फाइल होल्डवर आहे.” त्याला आमची निघायची तारीख माहीत होती, तिघांची नावं माहीत होती, बुकिंगची रक्कमसुद्धा माहीत होती. ज्या ट्रॅव्हल एजन्सीकडे आम्ही पैसे भरले, तिच्याशिवाय हे कुणाकडे असणार? मला सांगा, अशा माणसावर अविश्वास कोण दाखवेल? एजन्सीने स्वतःच आधीची सगळी कागदपत्रं व्हॉट्सअ‍ॅपवरच मागवली होती. यानेही तिथेच पाठवलं: तसाच लोगो, तशीच भाषा, “डॉक्युमेंट अपलोड” नावाची फाइल.

आता ज्या क्षणाचा विचार करून रात्र रात्र डोळ्याला डोळा लागत नाही तो. फाइल उघडल्यावर फोनने विचारलं, अनोळखी ठिकाणचं अ‍ॅप आहे, तरी टाकायचं का? मी ‘हो’ केलं, कारण तो लाइनवर होता आणि “मॅडम, सरकारी पोर्टलचं आहे, प्ले स्टोअरवर नसतं” म्हणत होता. मग दुसरी चौकट आली: या अ‍ॅपला तुमचे एसएमएस पाठवू आणि पाहू द्यायचे का? खाली ‘अनुमती द्या’, त्याच्या खाली ‘अनुमती देऊ नका’. त्या चौकटीवर माझं बोट थांबलं होतं. मी त्याला विचारलंही, “एसएमएस कशाला?” तो म्हणाला, “अपलोड झाल्याचं कन्फर्मेशन येतं ना, ते ऑटो वाचायला.” पासपोर्टचं पान अपलोड करायला माझे मेसेज कशाला लागतील? प्रश्न मला पडला होता आणि उत्तर पटण्यासारखं नव्हतं. तरी मी बटण दाबलं. तिसरी चौकट फोटोंची. तिथे ‘फक्त निवडलेले फोटो’ असा पर्याय नव्या अँड्रॉइडमध्ये समोर असतो. मी ‘सर्व’ दिलं. फाइल होल्डवर, ऑफिसातली जेवणाची सुट्टी संपत आलेली, सासूबाई आयुष्यात पहिल्यांदा परदेशी निघालेल्या. बाहेरून बघणाऱ्याला ‘नाही’ म्हणणं सोपं वाटतं.

आणि हे मला नंतर कळलं: व्हिएतनामच्या ई-व्हिसाला पासपोर्टच्या शेवटच्या पानाची गरजच नसते. फोटोचं पान आणि एक फोटो, बस. त्यांच्या सरकारी वेबसाइटवर एका प्रवेशाची फी २५ डॉलर, अर्ज आपला आपण भरता येतो. आधार आणि पॅन त्या अर्जात कुठेही नाही. मग एजन्सीने ती मागितली कशाला आणि ठेवली कशाला?

३:५२ ला ऑफिसच्या कॉम्प्युटरवर बँकेची ई-मेल दिसली. फोनवर एकही मेसेज आला नव्हता, ते सगळे त्या अ‍ॅपने गिळले होते. खात्यातून ४९,००० आणि १९,४०० गेले होते. त्याहून भयंकर म्हणजे माझ्या नावावर १,५०,००० चं प्री-अप्रूव्ह्ड (बँकेने आधीच देऊ करून ठेवलेलं) कर्ज मंजूर होऊन खात्यात आलं होतं. बँकेने त्यातून प्रोसेसिंग फी आणि जीएसटीचे २,६५५ तेवढे चोख कापून घेतले होते! उरलेल्या १,४७,३४५ मधले ५०,००० दोनदा गेले. ४:०५ ला मी कस्टमर केअरला खातं गोठवायला सांगितलं, तक्रार क्रमांक घेतला. ४:३१ ला शेवटचे ४७,३४५ गेले. तक्रार नोंदवल्यानंतर सव्वीस मिनिटांनी.

पैसे गेल्याचं कळल्याबरोबर १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा, शाखेत धावत जाऊ नका. माझी तक्रार तिथे नोंदली गेली म्हणून पुढच्या एका खात्यात १२,३०० तरी अडकले. ते सोडवायला कोर्टाचा आदेश आणा म्हणाले, तो भाग वेगळा.

बँकेने पहिल्या दिवसापासून एकच पालुपद लावलं: “ओटीपी तुमच्याच मोबाइलवर गेला, म्हणजे निष्काळजीपणा तुमचा.” रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक मी छापून नेलं. ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करायचं ओझं बँकेवर आहे, आणि कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेने सोसायचं, असं त्यात स्पष्ट आहे. शाखेतल्या साहेबांनी तो कागद उलटासुद्धा केला नाही. “वरून उत्तर येईल” म्हणाले. एका मुलीने तर काउंटरवर चारचौघांत विचारलं, “मॅडम, तुम्ही शिकलेल्या दिसता, असं कसं केलंत?” लाजेने मान खाली गेली, आणि तोच त्यांचा हेतू होता. लाजलेला ग्राहक भांडत नाही. तीस दिवस उत्तर आलं नाही, मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार केली, तेव्हा कुठे ते ४७,३४५ परत आले. बाकीच्यावर पाणी.

पोलीस ठाण्यात त्याहून तऱ्हा. “सायबरला जा.” सायबरला गेले तर “आधी तुमच्या हद्दीतल्या ठाण्यात जा.” परत आले तर “आयटी अ‍ॅक्ट लागला की तपास पीआयच करतात, साहेब बंदोबस्ताला गेलेत.” त्या अ‍ॅक्टचं कलम ६६सी (ओळख चोरणं) आणि ६६डी (दुसऱ्याचं सोंग घेऊन फसवणं) मीच त्यांना लिहून दिलं. हद्दीचं कारण सांगून गुन्हा नोंदवायचं टाळता येत नाही, झीरो एफआयआर नव्या कायद्यात (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम १७३ मध्ये आहे, हेही मीच सांगितलं. हवालदार म्हणाले, “ताई, पैसे काही मिळायचे नाहीत, कशाला हेलपाटे घालता?” मला पैशांपेक्षा कागद हवा होता. एफआयआर हातात नसेल तर उद्या माझ्या पासपोर्टवर कुणी काय केलं याचं उत्तर मी कशाच्या जोरावर देणार?

कागदपत्रांचा गैरवापर झालाही. संचार साथी या सरकारी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम आहेत ते बघता येतं. सासूबाईंच्या नावावर दोन निघाली. त्यांनी आयुष्यात एकच घेतलंय. त्यांना हे सांगताना जीभ रेटेना. आजही त्या अनोळखी नंबरचा फोन आला की दचकतात. माझे पैसे गेले ते गेले, पण त्यांचं आधार मी माझ्या फोनमध्ये उघडं ठेवलेलं होतं, याची बोचणी जात नाही.

आधार कुणालाही द्यायचं तर मास्क्ड द्या, फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. डेबिट कार्डाचा फोटो कधीच काढू नका, ब्लॉक करायला बँकेचा नंबर कागदावर पुरतो. गॅलरीत ‘आधार’ किंवा ‘पासपोर्ट’ असं शोधून बघा. फोटोतली अक्षरं फोन वाचतो, चोरही वाचतात. ते फोटो लॉक्ड फोल्डरमध्ये टाका. मात्र बॅकअप चालू केला नसेल तर फोन हरवल्यावर तेही गेले, म्हणून एक छापील प्रत सोबत जाणाऱ्या दुसऱ्या माणसाच्या बॅगेत हवी. डिलीट केलेला फोटो कचरापेटीत पडून राहतो, तीही रिकामी करा. व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवून ठेवलेले स्कॅन विसरू नका, तेही गॅलरीत उतरतात. रेल्वेत डिजिलॉकरमधलं आधार चालतं, पण ते सरकारकडून आलेलं हवं, आपण चढवलेला फोटो चालत नाही. आधारचं बायोमेट्रिक आजच लॉक करा. वर्षातून एकदा क्रेडिट रिपोर्ट (आपल्या नावावर कोणती कर्जं आहेत त्याचा अहवाल) फुकट मिळतो, तो बनवणाऱ्या चारही कंपन्यांकडून, तो मागवा.

एजन्सी म्हणते, “आमच्याकडून डेटा गेलाच नाही.” आमचे स्कॅन डिलीट केल्याचं लेखी मागितलं, अजून दिलेलं नाही. कर्जाचा ५,१२७ चा हप्ता मी दर महिन्याला ‘तक्रार राखून’ असं लेखी कळवून भरते आहे, कारण चुकवला तर माझाच क्रेडिट स्कोअर पडेल. याच पद्धतीने फोन आलेल्या कुणाकडे त्या कॉलचं रेकॉर्डिंग असेल तर तक्रारीला जोडा. माझ्याकडे ते नव्हतं, आणि प्रत्येक टेबलावर पहिला प्रश्न तोच आला.