बीबीए: तीन सेमिस्टर वापरून पाहिल्यावर

ऑगस्ट २०२४ मध्ये पुण्यातल्या एका कॉलेजात बीबीएला, म्हणजे बॅचलर ऑफ बिझनेस ॲडमिनिस्ट्रेशनला, प्रवेश घेतला. गेल्याच आठवड्यात तिसऱ्या सेमिस्टरचा शेवटचा पेपर झाला. म्हणजे सोळा महिने वापर झाला. बार्शीहून दर आठ-पंधरा दिवसांनी कुणा ना कुणाचा फोन येतो, "ताई, बीबीए कसं आहे गं, घेऊ का?" प्रत्येकीला अर्धा तास सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवते. कॉलेजचं नाव मुद्दाम लिहीत नाही, मला अजून तीन सेमिस्टर तिथेच काढायची आहेत.

माझी पार्श्वभूमी आधी सांगते, म्हणजे माझं मत कुठल्या बाजूला झुकतं ते कळेल. आमचं किराणा दुकान आहे. अण्णा, म्हणजे माझे वडील, सकाळी सातला शटर वर करतात ते रात्री दहाला खाली. बारावी कॉमर्स, मराठी माध्यम. "बिझनेस मॅनेजमेंट शिकायचंय" म्हटल्यावर अण्णा म्हणाले, "त्यासाठी पुणं कशाला? गल्ल्यावर बस." आईने मध्यस्थी केली म्हणून मी इथे आहे.

पहिला गोंधळ नावांचा. पुणे विद्यापीठाच्या कॉलेजांत साधं बीबीए असतं, बीबीए (आयबी), म्हणजे इंटरनॅशनल बिझनेस, असतं आणि बीबीए (सीए) असतं. यातलं 'सीए' म्हणजे चार्टर्ड अकाउंटंट नव्हे, कॉम्प्युटर ॲप्लिकेशन. माझ्या ओळखीतल्या एका मुलाने चार्टर्ड अकाउंटंटच्या आशेने ते घेतलं आणि पहिल्याच आठवड्यात त्याच्यापुढे सी लँग्वेज आली. मुंबईकडे हाच प्रकार बीएमएस (बॅचलर ऑफ मॅनेजमेंट स्टडीज) नावाने चालायचा. २०२४-२५ पासून बीबीए, बीसीए, बीएमएस हे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणावर देखरेख ठेवणारी केंद्राची परिषद) कक्षेत गेले आणि राज्यात त्यांना सीईटी, म्हणजे सामायिक प्रवेश परीक्षा, लागली, तेव्हा तिथल्या बऱ्याच कॉलेजांनी पाटी बदलून बीकॉम (मॅनेजमेंट स्टडीज) करून टाकलं. पाटी बदलली की एआयसीटीई नाही, सीईटीही नाही. आत विषय बरेचसे तेच. त्यामुळे "बीएमएस बंद झालं का?" असं विचारणाऱ्यांनी कॉलेजच्या यादीत बीकॉमच्या खाली कंसात काय लिहिलंय ते वाचावं.

आमची सीईटीची पहिलीच बॅच. बारावीचा निकाल २१ मे २०२४ ला आणि सीईटी २९ मे ला. मधल्या आठवड्यात पेढे खायचे की रीझनिंग करायचं, हाच प्रश्न. परीक्षा सोपी होती. १०० प्रश्न, ९० मिनिटं, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. तेव्हा इंग्रजीवर ४०, रीझनिंगवर ३०, सामान्य ज्ञान आणि कॉम्प्युटरवर १५-१५ प्रश्न होते. अकाउंट्सचा एक प्रश्न नाही. पात्रतेसाठी बारावी कुठल्याही शाखेतून चालते, आर्ट्सचीही. राज्यभरात जागा लाखाच्या वर आणि परीक्षेला बसलेली मुलं त्याच्या निम्म्याच्या आसपास, म्हणून ४ ऑगस्टला पुन्हा एकदा सीईटी घ्यावी लागली. माझ्या वर्गातली निम्मी मुलं त्या दुसऱ्या सीईटीतली आहेत. थोडक्यात, नावाजलेलं कॉलेज हवं असेल तर सीईटीचा अभ्यास करा, नुसता प्रवेश हवा असेल तर घाबरू नका. पण परीक्षेला बसा मात्र नक्की. क्लासवाल्यांना त्यासाठी तीस हजार देऊ नका. सरावाचे प्रश्नसंच आणि रोजचं इंग्रजी वर्तमानपत्र एवढ्यावर माझं भागलं.

सीईटीचा मोठा फायदा पैशाचा, आणि तो गावाकडे कुणाला माहीतच नसतो. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांना कॅपमधून (सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून) प्रवेश घेणाऱ्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (मराठा आरक्षणाचा प्रवर्ग) आणि ओबीसी मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ८ लाख. मी ओबीसीतून आहे, मला ते मिळालं. मॅनेजमेंट कोट्यातून शिरलेल्या माझ्या रूममेटला नाही मिळालं. तिचे वडील साधे शेतकरी. कॉलेजच्या एजंटने "कॅपच्या भानगडीत कशाला पडता, आत्ता सीट लॉक करा" म्हणून त्यांच्याकडून पैसे भरून घेतले होते. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर आणि आधारला जोडलेलं बँक खातं बारावीच्या सुट्टीतच तयार ठेवा. तहसीलमध्ये जूनमध्ये काय गर्दी असते ते वेगळं सांगायला नको. आणि माफी फक्त या दोन शुल्कांची. कॉट बेसिसवरची खोली, मेस, एसटीचं तिकीट हे सगळं अण्णांच्याच गल्ल्यातून जातं.

आता आतलं. नव्या शैक्षणिक धोरणामुळे सगळा हिशेब क्रेडिटचा. सेमिस्टरला २२, वर्षाला ४४, तीन वर्षांत १३२ झाली की पदवी. चौथं वर्ष केलं तर १७६ आणि ऑनर्स. पहिल्या वर्षानंतर सोडलं तरी प्रमाणपत्र मिळतं, हे प्रवेशाच्या वेळी फार गोड करून सांगतात. पण त्यासाठी आणखी ४ क्रेडिटचा कौशल्याचा कोर्स किंवा इंटर्नशिप करावी लागते, हे मात्र सांगत नाहीत. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रत्यक्ष कामाचं असेल तर ३० तास. हा हिशेब पाठ करा, फार उपयोगी पडतो. ४ क्रेडिटचा विषय असेल तर ६० तास व्हायला हवेत. आमचा सांख्यिकीचा विषय किती तास झाला ते मी वहीच्या मागच्या पानावर काड्या मारून मोजलं. एकोणचाळीस. तासिका तत्त्वावरचे सर मध्येच सोडून गेले, मग मॅडम आल्या, त्याही दिवाळीनंतर दिसल्या नाहीत.

त्या २२ क्रेडिटमध्ये मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडविषय), ओपन इलेक्टिव्ह (दुसऱ्या शाखेतला विषय), कौशल्याचे विषय, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञान प्रणाली असं बरंच काही भरलेलं असतं. आई म्हणाली, "हे तर मिसळीसारखं झालं." बरोबर आहे, आणि मिसळीत फरसाण जास्त झालं की उसळ शोधावी लागते. ज्याला खरंच मॅनेजमेंट म्हणावं असं पहिल्या वर्षी फार थोडं येतं. मी प्रवेश घेतला तेव्हा माहितीपत्रकात सूट घातलेली मुलं काचेच्या इमारतीपुढे उभी होती. क्रेडिटचा तक्ता कुणी दाखवला नाही आणि मीही मागितला नाही. तो मागायला हवा होता.

माझं खरं म्हणणं असं, की या पदवीतले कंटाळवाणे समजले जाणारे विषयच कामाचे निघाले, आणि ज्यांच्यासाठी मुलं बीबीए घेतात ते पातळ. व्यवस्थापनाच्या तत्त्वांत फेयोलची १४ तत्त्वं पाठ केली, मॅस्लोची गरजांची उतरंड तीन वेगवेगळ्या विषयांत तीनदा काढली, आणि 'नेतृत्व' या शब्दावर इतकी प्रेझेंटेशन्स झाली की आता तो शब्द ऐकला तरी प्रोजेक्टरचा पंखा ऐकू येतो. पण अकाउंट्सची गोष्ट निराळी. माझ्या वर्गातल्या इंग्रजी माध्यमाच्या मुली डेबिट-क्रेडिटचे नियम घोकत होत्या. मला पहिल्याच तासाला ते आतून कळलं, कारण आमच्या दुकानात लहानपणापासून ऐकत आले आहे, "पाटलांच्या नावे टाक", "आज दोनशे जमा कर". नावे म्हणजे डेबिट, जमा म्हणजे क्रेडिट. माल नेणाऱ्याच्या नावे, पैसे देणाऱ्याच्या जमा. अण्णांची उधारीची वही म्हणजे खतावणीच होती की! त्या दिवशी मी खोलीवरून फोन करून अण्णांना हे सांगितलं. ते म्हणाले, "मग फी कशाची भरली?" (फी माफ होती, पण ते असो.)

तिसऱ्या सेमिस्टरला कॉस्टिंग (खर्चाचा हिशेब) आलं आणि दिवाळीच्या सुट्टीत मी अण्णांच्या दुकानाचा ब्रेक-इव्हन, म्हणजे ना नफा ना तोटा होईल इतकी विक्री, काढायला बसले. दुकानाचं भाडं ९,०००, कामावरच्या पोराला ११,०००, लाइट आणि किरकोळ ४,०००. म्हणजे महिन्याचा स्थिर खर्च २४,०००. साखर-तेलात सुटतं ते नावापुरतं, बिस्किटं-साबणात बरं, सगळं मिळून सरासरी शंभराला आठ रुपये. चोवीस हजाराला आठ टक्क्यांनी भागलं तर तीन लाख, म्हणजे दिवसाला दहा हजारांची विक्री. मी मोठ्या ऐटीत आकडा सांगितला. अण्णा पुड्या बांधता बांधता म्हणाले, "दहा हजारांचा गल्ला झाला की त्या दिवसापुरता मी सुटलो, हे मला वीस वर्षं ठाऊक आहे."

मग मला आठवलं, कॉस्टिंगच्या मॅडमनी शिकवलं होतं की मालक स्वतः राबत असेल तर त्याची मजुरीही खर्चात धरायची. अण्णांचा पगार त्या २४,००० मध्ये नव्हताच. पंधरा तास राबणाऱ्या माणसाला बाहेर कुणी ठेवायचं म्हटलं तर वीस हजार तरी द्यावे लागतील. खर्च झाला ४४,०००, मग लागणारी विक्री साडेपाच लाख, दिवसाला अठरा हजारांच्या वर. आमचा गल्ला सरासरी वीस हजार. म्हणजे अण्णा ज्याला महिन्याचा चोवीस हजार नफा समजत होते, त्यातला वीस हजार त्यांचाच पगार, आणि धंद्याचा नफा चार हजार. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग कॅल्क्युलेटर माझ्याकडे सरकवून म्हणाले, "पगार बारा हजार धर."

सांख्यिकीचंही तसंच. एकोणचाळीस तासांतून जे काही डोक्यात शिरलं त्यात सरासरी आणि मध्यगा (क्रमाने लावल्यावर बरोबर मधला आकडा) यांतला फरक होता. फील्ड प्रोजेक्टसाठी मी दुकानाची उधारी घेतली. चाळीस खाती, एकूण ७६,००० रुपये, सरासरी १,९००. ऐकायला वाटतं सगळ्यांनीच थोडं थोडं थकवलंय. खाती उतरत्या क्रमाने लावली तर चार जणांकडे मिळून ५२,०००, उरलेल्या छत्तीस जणांकडे २४,०००. मध्यगा सहाशेच्या आसपास. आणि आम्ही तगादा लावत होतो त्या सहाशेवाल्या बायकांना, कारण त्या रोज दुकानात येतात. ते चौघे येत नाहीत, माणूस पाठवून माल मागवतात. या प्रोजेक्टला मला वर्गात सगळ्यात जास्त गुण मिळाले. दुसरा एक ग्रुप एका मोठ्या ऑनलाइन कंपनीचं स्वॉट ॲनालिसिस (बलस्थानं, उणिवा, संधी, धोके यांची यादी) इंटरनेटवरून उतरवून आला होता. त्यांना माझ्याहून दोनच गुण कमी.

वाईट बाजू. इंडस्ट्रियल व्हिजिट म्हणून लोणावळ्याला नेलं. चिक्कीचा कारखाना वीस मिनिटं, वॉटर पार्क पाच तास, अहवाल दहा पानांचा. पेपर इंग्रजीत, शिकवणं मराठी-हिंदी-इंग्रजीची खिचडी. मराठी माध्यमातून येणाऱ्यांनी पहिले सहा महिने धीर धरावा, उत्तरं पाठ करण्यापेक्षा रोज एक पान स्वतःच्या इंग्रजीत लिहावं. हजेरीची ७५ टक्क्यांची अट आहे, ती कडक की सैल ते कॉलेजवर. प्लेसमेंटच्या पाटीवर मोठे आकडे असतात, पण सीनियर्सना विचारलं तर बहुतेकांना सेल्सचं किंवा बँकेचं खाती उघडून आणायचं काम मिळालंय. त्यात कमीपणा काही नाही, पण त्यासाठी बीबीएच लागतं असं नाही.

ज्यांना पुढे एमबीए करायचंय त्यांनी लक्षात घ्यावं की एमबीएला बीबीएची अट नाही. कुठलीही पदवी चालते आणि पहिल्या वर्षी हेच विषय पुन्हा पहिल्यापासून शिकवतात. चार्टर्ड अकाउंटंट व्हायचं असेल तर सरळ बीकॉम घ्या आणि वाचलेला वेळ त्या अभ्यासाला द्या. गणित चांगलं असेल आणि घरची ऐपत असेल, तर बारावीतच आयआयएम इंदूरच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाची परीक्षा द्या. तो २०११ पासून आहे आणि शेवटी एमबीएही हातात येतं. फी मात्र वर्षाला लाखांत. सिंबायोसिस, नरसी मोनजी यांच्या परीक्षा वेगळ्या, राज्याच्या सीईटीशी त्यांचा संबंध नाही. घरचा धंदा आहे आणि तो चार माणसांना समजेल अशा भाषेत मांडता यायला हवा, अशांना मी बीबीए घ्या म्हणेन. पाचपैकी साडेतीन. अर्धा कॉस्टिंगच्या मॅडमचा.

परवा आत्याच्या मुलीने विचारलं, तेव्हा मी तिला तीन कॉलेजांच्या ऑफिसात जाऊन क्रेडिटचा तक्ता आणि कायमस्वरूपी प्राध्यापकांची यादी मागायला लावली. दोन ठिकाणी "वेबसाइटवर बघा" म्हणाले. तिसऱ्या ठिकाणी क्लार्कबाईंनी झेरॉक्स काढून दिली, वर पाच रुपये घेतले. तिने आपल्या यादीत तेच कॉलेज पहिलं लिहिलंय.

मला पुढच्या महिन्यात इलेक्टिव्हचा अर्ज भरायचाय. वर्गातल्या बहुतेकांनी मार्केटिंग ठरवलंय. मी फायनान्सवर पेन्सिलने खूण केलीय. अण्णांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "घे. आणि सुट्टीत आलीस की त्या चौघांच्या वहीचं काय ते बघ."