अंदमानात ‘फॅमिली स्नॉर्केलिंग’च्या नावाखाली आम्ही कसे फसलो

“ताई, मी पण साताऱ्याकडचाच. आपली माणसं म्हणून सांगतो, लहान मुलं आहेत तर साधं पॅकेज घेऊच नका.” व्हॉट्सअ‍ॅपवरच्या एका एजंटच्या या बोलण्यावर विसंबून मी चौघांचे १४,००० रुपये पाठवले. हॅवलॉक, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपच्या एलिफंट बीचवर दोन तास स्नॉर्केलिंग (मास्क आणि श्वासाची नळी लावून पाण्यावर तरंगत खालचं प्रवाळ बघणं), फक्त आमच्यासाठी प्रशिक्षित गाइड, मुलांच्या मापाचे मास्क, वर विमा. पैसे एका माणसाच्या खासगी यूपीआय खात्यात गेले. पावती म्हणून आलं ते एक रंगीत चित्र. तिथेच थांबायला हवं होतं.

जेट्टीवर कुणीतरी वहीत आमचं नाव शोधलं आणि इतर पर्यटकांबरोबर नेहमीच्या बोटीत बसवलं. किनाऱ्यावर उतरल्यावर शेजारच्या नागपूरच्या बाईंनी सांगितलं की बोटीच्या तिकिटातच थोडा वेळ स्नॉर्केलिंग फुकट असतं. आम्ही हजारो रुपये मोजून तेच विकत घेतलं होतं! एजंटला फोन केला, तर “उतरा पाण्यात, तुमचा गाइड येतोय” म्हणाला. तो गाइड शेवटपर्यंत आला नाही. तिथला एक मुलगा रबरी ट्यूबला धरून चौघाचौघांना ओढत नेत होता, त्यानेच आम्हालाही घेतलं.

माझा धाकटा नऊ वर्षांचा. त्याला मोठ्या माणसाचा मास्क दिला. मी विचारलं, तर त्या ट्यूबवाल्या मुलाने पट्टा करकचून आवळला आणि “हो जाएगा” म्हणाला. लाइफ जॅकेटचं खालचं बक्कल तुटलेलं होतं. हे सगळं मला दिसत होतं, तरी ‘सगळी सेफ्टी आहे’ हे शब्द डोक्यात इतके घट्ट बसले होते की मी गप्प राहिले.

माझं आजोळ वेंगुर्ल्याचं. मामा तिथी बघितल्याशिवाय आम्हाला पाण्यात उतरू देत नसे. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे भरती-ओहोटी दोन्ही जोरात, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे दोन्ही मवाळ, हे लहानपणापासून ऐकलेलं. त्या दिवशी पौर्णिमा नुकतीच झाली होती आणि ओहोटीचं पाणी जोरात बाहेर ओढत होतं. प्रवाळ बघायच्या नादात आम्ही किनाऱ्यापासून किती सरकलो, कळलंच नाही. धाकट्याच्या मास्कमध्ये पाणी शिरलं, त्याने नाकाने श्वास घेतला, ठसका लागला आणि हातातली ट्यूब सुटली. जॅकेट वर सरकून हनुवटीला अडकलं. ट्यूबवाला मुलगा दुसऱ्या एका घाबरलेल्या बाईला सांभाळत होता. माझ्या नवऱ्याने पोहत जाऊन धाकट्याला धरलं. मिनिटभराचाच प्रकार असेल, पण त्याचे ते पांढरे पडलेले ओठ मला अजून दिसतात.

पैशांपेक्षा मोठी फसवणूक ही होती: समुद्राकडे बघायचं आमचं काम त्या माणसाच्या शब्दांनी आमच्याकडून काढून घेतलं.

आता कुणी अंदमानला निघालं की मी आधी मास्कचं सांगते. पट्टा न लावता मास्क चेहऱ्याला टेकवायचा आणि नाकाने हलका श्वास आत घ्यायचा. हात सोडल्यावरही तो चिकटून राहिला तरच माप बरोबर. मुलांना आधी कमरेएवढ्या पाण्यात नळीने श्वास घेऊ द्या. जॅकेट खांद्यांना धरून वर ओढून बघा, कानापर्यंत येत असेल तर बदलून मागा. आणि उतरण्याआधी दहा मिनिटं नुसतं पाण्याकडे बघत उभं राहा: काय कुठे वाहत चाललंय, लाटा कुठे फुटतायत. ओढ लागलीच तर तिच्या विरुद्ध न झुंजता किनाऱ्याला समांतर पोहायचं. मगरीच्या सूचनांची पाटी असेल तिथे तर पाऊलसुद्धा टाकू नका. २०१० साली याच बेटावर राधानगर किनाऱ्याजवळ मगरीच्या हल्ल्यात एका परदेशी पर्यटक तरुणीचा जीव गेला.

पैसे जागेवर, पक्की पावती घेऊन द्या. तिकिटात काय येतं ते जेट्टीवरच विचारा. आम्ही खोलीवर परतलो तोवर एजंटने नंबर ब्लॉक केला होता. १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन मी डोंबिवलीला परतल्यावर, पाच दिवसांनी केला. तोवर खात्यातले पैसे निघून गेले होते. तुम्ही त्याच तासाला करा.

मुलासाठी आता त्याच्या मापाचा मास्क आणलाय. सोसायटीच्या तलावात पायरीवर बसून तो मास्क लावतो, पाण्याकडे बघतो आणि काढून ठेवतो. आम्ही घाई करत नाही.