नेक्स्टस्ट्रेन आणि नेक्स्टक्लेड: विषाणूंची वंशावळ वाचण्याची विनामूल्य सेवा

सिएटलच्या फ्रेड हच संशोधन केंद्रातील ट्रेव्हर बेडफर्ड आणि बाझल विद्यापीठातील रिचर्ड नेहर यांच्या गटांनी उभारलेली नेक्स्टस्ट्रेन ही सेवा इन्फ्लुएन्झा, डेंग्यू, गोवर, मंकीपॉक्स, कोरोना अशा अनेक विषाणूंचे जनुकक्रम (त्यांच्या जनुकीय साहित्यातील अक्षरांची मालिका) एकत्र करून त्यांची वंशावळ संकेतस्थळावर मांडते. तिच्याच कुटुंबातील नेक्स्टक्लेड हे साधन आपल्या प्रयोगशाळेत मिळालेला जनुकक्रम त्या वंशावळीत कुठे बसतो, हे सांगते. दोन्हींसाठी पैसे मोजावे लागत नाहीत आणि दोन्हींची संगणकीय संहिता खुली आहे. साथरोगांवर काम करणाऱ्या किंवा ते शिकणाऱ्या मराठी वाचकांसाठी हे परीक्षण आहे.

आधी नेक्स्टक्लेडविषयी, कारण रोजच्या कामात तेच अधिक उपयोगी पडते. जनुकक्रमाची फास्टा फाइल (क्रम साध्या अक्षरांत साठवणारी फाइल) ब्राउझरमध्ये टाकली की सगळे विश्लेषण आपल्याच संगणकावर होते आणि क्रम बाहेरच्या सर्व्हरवर जात नाही. रुग्णांच्या नमुन्यांबाबत सावध असणाऱ्या प्रयोगशाळेला हे फार सोयीचे आहे. कोणती उत्परिवर्तने आहेत आणि नमुना कोणत्या गटात मोडतो हे तर कळतेच. शिवाय क्रमात न वाचता आलेली अक्षरे किती, एकाच जागी दोन अक्षरांची भेसळ दिसते का, प्रथिनाची वाचनचौकट (तीन-तीन अक्षरे वाचण्याची मांडणी) मध्येच सरकते का, हे तपासून प्रत्येक नमुन्याला गुणवत्तेचा शेरा मिळतो. माझ्या मते हा शेराच या साधनाचा सर्वांत मोलाचा भाग आहे. सदोष क्रमावरून नवा उपप्रकार सापडल्याचा गाजावाजा होण्याआधी तो निदान एकदा तरी थांबवला जातो.

नेक्स्टस्ट्रेनच्या पानावर वंशावळ, नकाशा आणि उत्परिवर्तनांचा आलेख एकत्र दिसतात. महाराष्ट्राच्या वाचकाने कोरोनाच्या पानावरील डेल्टाची फांदी अवश्य उघडून पाहावी. मार्च २०२१ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने महाराष्ट्रातील सुमारे १५ ते २० टक्के नमुन्यांत ई४८४क्यू आणि एल४५२आर ही उत्परिवर्तने आढळल्याचे जाहीर केले, आणि त्या जोडीचीच सर्वत्र चर्चा झाली. प्रत्यक्षात पुढे जगभर पसरलेल्या बी.१.६१७.२ या उपवंशात, म्हणजे डेल्टात, ई४८४क्यू नव्हते. ते कप्पा म्हणून ओळखल्या गेलेल्या बी.१.६१७.१ मध्ये होते. या दोन सख्ख्या फांद्या कुठे वेगळ्या झाल्या आणि एकीने दुसरीला कसे मागे टाकले, हे वंशावळीत पाहिल्यावर जसे समजते तसे वृत्तपत्रातील तक्त्यांवरून समजत नाही.

नकाशाबद्दल मात्र मी सावधगिरीचा इशारा देईन. एका देशातून दुसऱ्या देशात जाणाऱ्या त्या देखण्या रेषा प्रवासाची नोंद नसून उपलब्ध नमुन्यांवरून काढलेले अनुमान आहे. ज्या प्रदेशाने क्रम कमी पाठवले तो या चित्रात जवळपास अदृश्य असतो, मग तेथे साथ कितीही मोठी असो. जानेवारी २०२० मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात सापडलेला रुग्ण आणि त्याच राज्यात फेब्रुवारीअखेर सापडलेला रुग्ण यांच्या विषाणूंचे क्रम इतके जुळले, की विषाणू तेथे काही आठवडे नकळत पसरत होता असा निष्कर्ष बेडफर्ड यांनी काढला; पुढच्या सविस्तर विश्लेषणात मात्र फेब्रुवारीतील रुग्णाचा विषाणू तेथे स्वतंत्रपणे नंतर आला असण्याची शक्यता अधिक असल्याचे दिसले. प्रसार नजरेआड चालू असल्याचा इशारा खरा ठरला, त्याचा मार्ग मात्र बहुधा वेगळा होता. तारखांच्या अनिश्चिततेच्या मर्यादा दाखवण्याची सोय पानावर आहे. ती चालू केल्याशिवाय कोणत्याही फांदीवर विसंबू नये.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी. कोरोनाच्या उपप्रकारांचे वाटे कसे बदलतील याचा अंदाज ही सेवा बहुवर्गीय (मल्टिनोमिअल) लॉजिस्टिक रिग्रेशन या सांख्यिकी पद्धतीने काढते (एखाद्या विक्रेत्याने यालाच कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणून चढ्या भावाने विकले असते). हा अंदाज वाट्यांचा आहे, रुग्णसंख्येचा नाही. उपवंशांची नावे ठरवणाऱ्या पँगोलिन या दुसऱ्या साधनाचा अनुभवही येथे बोलका आहे. त्यात आधी प्रशिक्षित यंत्रशिक्षण (मशीन लर्निंग) प्रतिमान वापरले जाई. नवे उपवंश आले की ते पुन्हा शिकवावे लागे, आणि अपुऱ्या क्रमांवर ते डळमळत असे. २०२२ च्या चौथ्या आवृत्तीपासून क्रम थेट वंशवृक्षावर बसवणारी अशर ही पद्धत तेथे मूळ पर्याय झाली. यंत्रशिक्षणाला विरोध म्हणून मी हे सांगत नाही. पण निर्णय कसा झाला हे फांदीवर बोट ठेवून दाखवता येणे, आरोग्य अधिकाऱ्याच्या दृष्टीने वेगाइतकेच महत्त्वाचे आहे.

उणिवांपैकी पहिली म्हणजे नेक्स्टक्लेड कच्च्या वाचनांवर, म्हणजे क्रम वाचणाऱ्या यंत्रातून निघणाऱ्या छोट्या तुकड्यांवर, काम करत नाही. आधी पूर्ण क्रम जुळवून द्यावा लागतो, आणि आपल्याकडील अनेक वैद्यकीय महाविद्यालयांत खरी अडचण तेथेच येते. दुसरी उणीव म्हणजे हे साधन विषाणूंच्या छोट्या जनुकसंचांसाठी घडवलेले आहे. कोरोनाच्या सुमारे ३० हजार अक्षरांपुढे क्षयरोगाच्या जिवाणूची सुमारे ४४ लाख अक्षरे त्याच्या आवाक्याबाहेरची आहेत, त्यामुळे मुंबईतील औषधप्रतिरोधी क्षयरोगासारख्या प्रश्नासाठी टीबी-प्रोफायलरसारखे वेगळे साधनच वापरावे लागते.